भरल्या नळाला भोक पाडणारे म्युलर

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत एका नव्या घराला पाण्याचे कनेक्शन मिळाले. सकाळी तीन माणसे आली, त्यांनी रस्त्याच्या कडेला हातभर रुंद खड्डा खणला आणि आतला जुना बिडाचा मोठा नळ उघडा केला. मग त्यांनी एक जड पितळी-लोखंडी यंत्र त्या नळावर ठेवले, साखळीने घट्ट आवळले आणि वरची मूठ सावकाश फिरवायला सुरुवात केली. शेजारच्या आजी कुंपणाशी उभ्या राहून बघत होत्या. आता पाण्याचा फवारा उडणार म्हणून त्यांनी दोरीवरचे कपडे आधीच काढून घेतले होते. पण फवारा उडालाच नाही. तासाभरात काम संपले, खड्डा बुजला. त्या सगळ्या वेळात आमच्या घरी भाताचे तांदूळ धुतले जात होते आणि नळाची धार जरासुद्धा बारीक झाली नव्हती.

आजींनी आम्हांला विचारले, की नळात पाणी भरलेले असताना त्याला भोक पडते तरी कसे? शिक्षकाला असा प्रश्न कुणी विचारला आणि त्याला उत्तर आले नाही, तर त्याला दोन दिवस चैन पडत नाही. आमच्या लहानपणी असे काम निघाले की चावी बंद व्हायची आणि सगळी वस्ती संध्याकाळपर्यंत कोरडी राहायची. बायका आधल्या रात्री बादल्या, पातेली, हंडे भरून ठेवीत. तेव्हा आम्ही शोध सुरू केला, आणि तो आम्हांला अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या डिकेटर नावाच्या गावी एका जर्मन बंदूक-कारागिराच्या दुकानात घेऊन गेला. त्याचे नाव हिरोनिमस म्युलर. नळाच्या धंद्यातली माणसे हे नाव आजही ओळखतात, कारण ते त्यांच्या हत्यारांवर कोरलेले असते. बाकीच्यांना त्याची ओळख नसते, म्हणून आज हे चार शब्द.

म्युलर यांचा जन्म १८३२ साली जर्मनीतील बाडेन प्रांतात, वेर्टहाइम या गावी झाला. माइन आणि टाउबर या दोन नद्यांच्या संगमावरचे हे जुने गाव. तरुणपणी त्यांनी धातूकामाचा धंदा शिकून घेतला आणि १८५० साली अमेरिका गाठली. त्या काळी हजारो जर्मन तरुण असेच बोटीत बसत होते. १८४८-४९ ची क्रांती फसली होती, धंद्याला बरकत नव्हती, आणि समुद्रापलीकडे कामाला हात हवे होते. घरदार सोडून बोटीत बसणाऱ्या माणसाच्या मनात काय असते, हे आपल्या बेटावरच्या कुटुंबांना निराळे सांगायला नको. फरक इतकाच, की म्युलर कुणाच्या करारावर गेले नव्हते आणि त्यांच्या हातात एक कसब होते.

ते कसब बंदूक बनविण्याचे होते. पुढची सगळी कथा यात दडलेली आहे, म्हणून येथे थोडे थांबू. बंदुकीची नळी म्हणजे शेवटी एक पोकळ धातूचा नळच. त्या काळच्या तोंडाकडून ठासायच्या बंदुकीत नळीचे मागचे टोक एका जाड खिळीने बंद केलेले असे. ही खिळी ठोकून बसवीत नसत. नळीच्या आतून आटे पाडीत, खिळीवर बाहेरून आटे पाडीत, आणि ती पिळून घट्ट बसवीत. ठिणगी आत जावी म्हणून बाजूने आणखी एक बारीक भोक पाडून त्यालाही आटे पाडावे लागत. आटे जरा सैल राहिले तर दारूचा भडका मागे येऊन नेम धरणाऱ्याचाच चेहरा भाजायचा. म्हणजे धातूच्या नळीला नेमके भोक पाडणे, त्यात आटे काढणे आणि आतला दाब बाहेर येऊ न देणे, हे बंदूक-कारागिराचे रोजचे काम होते. पाण्याच्या नळाला याहून वेगळे काही लागत नाही.

१८५७ साली म्युलर डिकेटरला आले आणि त्यांनी तेथे आपले दुकान थाटले. बंदुका दुरुस्त करणे, कुलपे, किल्ल्या, शिवणयंत्रे, जे बिघडेल ते तेथे येई. गाव तसे लहान पण गजबजलेले होते. १८६० च्या मे महिन्यात याच गावात इलिनॉयच्या रिपब्लिकन पक्षाची परिषद भरली आणि तिने अब्राहम लिंकन यांचे नाव अध्यक्षपदासाठी पुढे केले. लिंकन यांचे घराणे इलिनॉयमध्ये प्रथम राहिले तेही डिकेटरजवळच.

त्या काळचे इलिनॉय म्हणजे मैलोन्‌मैल पसरलेली काळी सपाट जमीन, आणि गावोगावी असा एखादा हिकमती कारागीर. याच राज्यात उत्तरेकडे प्लेनो नावाचे एक छोटे गाव आहे. तेथे मार्श बंधूंचे पीक कापणीचे यंत्र तयार होऊ लागले आणि गावाचे नाव त्या धंद्यात गाजले. त्या यंत्रावर माणसे उभी राहून कापलेल्या पिकाच्या पेंढ्या तेथल्या तेथे बांधीत. पुढे १९०२ साली प्लेनोच्या नावाची कंपनी इतर चार कंपन्यांबरोबर एकत्र होऊन इंटरनॅशनल हार्वेस्टर ही बलाढ्य कंपनी बनली. दुरुस्तीच्या दुकानातून कारखाना उभा राहण्याचा तो काळ होता. आपल्याकडेही लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी केली. दुसऱ्याची मोडकी वस्तू हातात घेऊन ती का मोडली हे पाहणाऱ्या माणसाची नजर वेगळीच तयार होते, असे आम्हांला वाटते. शाळेतल्या हस्तकलेच्या तासाला आम्ही हा अनुभव पुष्कळदा घेतला आहे.

१८७० च्या सुमारास डिकेटरला सँगमन नदीचे पाणी नळाने पुरविण्याची व्यवस्था झाली. रस्त्याखालून बिडाचे मोठे नळ गेले. आता घरोघरी पाणी न्यायचे, तर प्रत्येक घरासाठी मोठ्या नळाला भोक पाडून लहान नळ जोडायला हवा. १८७१ साली हे काम म्युलर यांच्यावर सोपविण्यात आले. ते डिकेटर शहराचे पहिले अधिकृत नळ-कारागीर झाले.

काम दिसायला सोपे, पण करायला हैराण करणारे होते. दोनच वाटा होत्या. एक म्हणजे रस्त्याची चावी बंद करून नळ रिकामा करायचा, सावकाश भोक पाडायचे, आटे काढायचे, तोटी बसवायची आणि मग पाणी सोडायचे. त्यात एका घरासाठी सारा रस्ता कोरडा राही. दुसरी वाट म्हणजे पाणी चालू असतानाच भोक पाडायचे आणि फवाऱ्याला तोंड देत, नखशिखान्त भिजत, निमुळती पितळी नळी त्यात हातोड्याने ठोकून बसवायची. थंडीच्या दिवसांत इलिनॉयमध्ये बर्फ पडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या कामाची कल्पना येईल. शिवाय ठोकून बसविलेली नळी कधी सैल होईल याचा नेम नसे, आणि बीड हा धातू ठिसूळ, हातोड्याचा घाव जरा चुकला की नळालाच तडा जाई.

नळ रिकामा करण्यात आणखी दोन धोके होते आणि ते केवळ गैरसोयीचे नव्हते. नळात दाब असतो तोपर्यंत सांध्यांतल्या फटींमधून पाणी बाहेर जाते. दाब गेला की त्याच फटींतून खड्ड्यातले घाण पाणी आत येऊ शकते. पटकीच्या साथींचा तो काळ होता. आपल्या मॉरिशसवरही १८५४ साली पटकीने हजारो माणसे नेली. दुसरा धोका आगीचा. म्युलर यांना काम मिळाले त्याच वर्षी, १८७१ च्या ऑक्टोबरात, त्याच राज्यातले शिकागो शहर पेटले. शहराचे पाणी उपसणारे पंपघरच आगीत सापडले, पंप थांबले आणि नळ कोरडे पडले. सुमारे तीनशे माणसे मेली, एक लाखाच्या आसपास लोक बेघर झाले. लाकडी घरांच्या गावात नळ क्षणभरही कोरडा ठेवणे म्हणजे काय, हे त्यानंतर इलिनॉयमध्ये कुणाला समजावून सांगावे लागले नसेल.

म्युलर यांनी आपल्या हातातल्या जुन्या कसबाकडे पाहिले आणि १८७२ साली नळाला भोक पाडण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. या यंत्रात पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या. ज्या रूपात ते जगभर गेले आणि ज्या रूपात आमच्या गल्लीत आले, ते आता आजींना सांगितले तसे सांगतो.

आधी हत्यारांची ओळख. भोकाच्या आतून आटे पाडणाऱ्या हत्याराला कारखान्यात टॅप म्हणतात आणि नळाच्या बाहेरून आटे पाडणाऱ्याला डाय. टॅप म्हणजे कठीण पोलादाचा एक स्क्रू, पण त्याच्या अंगावर उभ्या खाचा असतात. त्या खाचांमुळे आट्यांना धारदार कडा येतात आणि कापलेला चुरा बाहेर पडायला वाट मिळते. आधी ड्रिलने साधे भोक पाडायचे, ते आट्यांच्या बाहेरच्या मापाहून थोडे लहान, मग त्यात टॅप फिरवायचा. भोक मोठे झाले तर आट्यांना पकडायला धातूच उरत नाही, लहान झाले तर टॅप अडकून तुटतो. आमच्या परिचयातले एक जुने फिटर साखर कारखान्यात चाळीस वर्षे होते. ते सांगतात, की टॅप एक फेरा पुढे फिरवला की पाव फेरा मागे घ्यावा, म्हणजे चुरा मोडून पडतो. घाई करणाऱ्याचा टॅप भोकातच तुटून राहतो आणि मग तो काढण्यात सगळा दिवस जातो.

म्युलर यांच्या यंत्रात ड्रिल आणि टॅप एकाच दांड्यावर आहेत. खालचे टोक भोक पाडते, आणि ते नळाच्या पलीकडे उतरले की त्याच्याच वरचा आटेदार भाग त्या भोकात शिरून आटे पाडू लागतो. हत्यार बदलावे लागत नाही. हा दांडा एका बंद पोकळ डब्यातून खाली जातो. डब्याचा तळ नळाच्या गोलाईवर बसेल असा असतो, मध्ये गळती थांबविणारे रबर, आणि साखळीने सारे यंत्र नळाला बांधलेले. दांडा जेथून डब्यात शिरतो तेथे घट्ट भरण असते. त्यामुळे भोक पडल्याबरोबर पाणी वर येते खरे, पण ते डब्यातच कोंडून राहते.

खरी करामत यापुढची आहे. आटे पाडून झाले की दांडा उलटा फिरवून वर घेतात. डब्याच्या मधोमध एक पडदा-झडप असते. दांडा तिच्यावर आला की ती बंद करतात. आता पाणी झडपेच्या खाली अडकले. वरचा भाग निर्धास्तपणे उघडायचा, ड्रिल-टॅप काढायचा आणि त्याच दांड्याच्या टोकाला पितळेची तोटी लावायची. आपल्याकडचे प्लंबर तिला फेरूल म्हणतात. ही तोटी बंद केलेली असते. वरचा भाग पुन्हा लावायचा, झडप उघडायची, दांडा खाली सोडायचा आणि तोटी नव्या आट्यांमध्ये पिळून बसवायची. तोटीचे आटे किंचित निमुळते असतात, म्हणून जसजशी ती आत जाते तसतशी आवळत जाते. मग साखळी सोडून यंत्र उचलून घ्यायचे. मोठ्या नळावर एक छोटी बंद तोटी उभी राहिलेली दिसते आणि तिच्या भोवती फार तर ओंजळभर पाणी. घरापर्यंतचा नळ जोडला की ती उघडायची, बस.

आजींनी हे ऐकून एवढेच विचारले, की मग आतला चुरा कुणाच्या घरात जातो? प्रश्न अगदी बरोबर होता. काही चुरा टॅपच्या खाचांत भरून वर येतो, उरलेला पाण्याबरोबर जातो, म्हणून घरातल्या नळाचे पहिले पाणी काही वेळ वाहू देतात. आणि नळाची भिंत पातळ असेल, किंवा हल्लीच्यासारखा प्लॅस्टिकचा नळ असेल, तर भिंतीत पुरेसे आटे बसत नाहीत. तेव्हा नळाभोवती एक कडे आवळतात आणि आटे त्या कड्यात असतात.

आट्यांचा विषय निघाला आहे तर एक जाताजाता सांगतो. आटे हे सगळीकडे एकसारखे नसतात. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचा कोन ५५ अंश ठरवून दिला. तोवर प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे होते, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढत नसे. ब्रिटिश पद्धतीच्या नळांचे आटे या ५५ अंशांवर आहेत, आणि तेच आपल्या बेटावर चालतात. अमेरिकेत मात्र रॉबर्ट ब्रिग्ज यांच्या कामावरून नळांसाठी ६० अंशांचे आटे रूढ झाले. अर्धा इंची नळाला दोन्ही पद्धतींत इंचाला चौदाच आटे असतात. म्हणून अमेरिकन तोटी आपल्या नळावर दोन-तीन फेरे गोडीगुलाबीने चढते आणि मग गळते. परदेशातल्या मुलाने हौसेने पाठविलेली चकचकीत तोटी कितीही सुताने आवळली तरी का ठिबकते, याचे कोडे आमच्या एका नातलगाला वर्षभर पडले होते!

म्युलर यांच्या यंत्राला मागणी यायला वेळ लागला नाही. अमेरिकेत गावोगावी नळ टाकले जात होते आणि प्रत्येक ठिकाणी तीच अडचण होती. दुकानाचा कारखाना झाला. तोट्या, चाव्या, नळातला दाब कमी-जास्त करणारी साधने, अशी पाण्याच्या आणि गॅसच्या कामाची हत्यारे तेथे बनू लागली. मुलगे हाताशी आले. १८९३ साली एच. म्युलर मॅन्युफॅक्चरिंग कंपनी या नावाने धंद्याची रीतसर नोंद झाली. साठी ओलांडलेल्या माणसाने आता खुर्चीत बसून हिशेब पाहावेत, असे कुणीही म्हटले असते.

पण म्युलर यांना आता नवाच नाद लागला. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी १८८६ साली पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले होते. बेंझ यांचे मानहाइम शहर बाडेन प्रांतातलेच, म्हणजे म्युलर यांच्या मायभूमीतले. म्युलर यांनी बेंझची एक गाडी अमेरिकेत आणविली आणि दुरुस्तीवाल्याच्या जुन्या सवयीप्रमाणे ती उघडून तिच्यात आपल्या मनासारखे फेरफार केले.

१८९५ साली शिकागोच्या टाइम्स-हेरल्ड या वृत्तपत्राने मोटारींची शर्यत जाहीर केली. पुष्कळांनी नावे दिली, पण २ नोव्हेंबरच्या दिवशी धावण्याजोग्या फक्त दोनच गाड्या हजर झाल्या, ड्युरिया बंधूंची आणि म्युलर यांची. मुख्य शर्यत पुढे ढकलली गेली आणि या दोघांना पाचशे डॉलरच्या बक्षिसासाठी धावू दिले. वाटेत एका शेतकऱ्याची बैलगाडी म्हणा, घोडागाडी म्हणा, आडवी आली. तिला चुकवताना ड्युरियांची गाडी खड्ड्यात गेली आणि बक्षीस म्युलर यांच्या गाडीला मिळाले.

मुख्य शर्यत २८ नोव्हेंबरला झाली. आधी मोठे हिमवादळ होऊन गेले होते. शिकागो ते एव्हन्स्टन आणि परत, सुमारे ५४ मैल. सहा गाड्या निघाल्या. म्युलर यांची गाडी त्यांचा मुलगा ऑस्कर चालवीत होता. बर्फात, उघड्या गाडीत, दिवसभर. विजेच्या दोन्ही गाड्या थंडीत लवकरच थकल्या, बाकीच्याही एकेक करून थांबल्या. शेवटच्या टप्प्यात थंडीने आणि थकव्याने ऑस्करची शुद्ध हरपली. गाडीत देखरेखीसाठी चार्ल्स किंग नावाचे पंच बसले होते. त्यांनी एका हाताने ऑस्करला धरून ठेवले आणि दुसऱ्या हाताने गाडी चालवीत शेवटपर्यंत आणली. ड्युरियांची गाडी दहा तासांहून अधिक वेळ घेऊन पहिली आली होती, म्युलर यांची त्यानंतर सुमारे दीड तासाने आली. तिसरी गाडी आलीच नाही. आपला मुलगा त्या अवस्थेत परत आलेला पाहून म्हाताऱ्या बापाला काय वाटले असेल? गाडीचा नाद मात्र त्याने सोडला नाही.

आणि त्या नादानेच त्यांचा घात केला. ज्या माणसाने कोंडलेल्या पाण्याला एक थेंब न सांडता वाट करून दिली, त्याला पेट्रोलच्या वाफेने फसविले. पेट्रोल डब्यात कोंडून राहते, पण त्याची वाफ राहत नाही. ती दिसत नाही आणि जवळपास कोठेही ज्योत असली तर तिला शोधून काढते. १९०० साली, गाडीशी काम करीत असताना पेट्रोलचा भडका उडाला आणि भाजल्याने म्युलर यांचा मृत्यू झाला. आज पेट्रोलपंपावर बिडी विझविण्याच्या पाट्या असतात. त्यांच्या वेळी पाट्याही नव्हत्या आणि पंपही नव्हते. इंजिनाच्या वेडाने गेलेल्या अमेरिकेतल्या पहिल्या काही माणसांपैकी ते एक असावेत.

त्यांच्यानंतर घराण्याचा धंदा पाण्याच्या वाटेनेच वाढला. आग विझविण्याचे रस्त्यावरचे नळखांब आणि नळांच्या झडपा यांवर म्युलर हे नाव आजही असते. डिकेटरमध्ये त्यांच्या नावाचे एक संग्रहालय आहे.

आमच्या गल्लीतल्या कामगारांना आम्ही हे नाव सांगितले, तेव्हा त्यांच्यातल्या वयस्क गृहस्थांनी यंत्र उलटे करून मूठ पुसली आणि त्यावरची अक्षरे पाहिली. त्यांच्या यंत्राचा कारखाना दुसराच निघाला. पण साखळी तीच, मधली झडप तीच, एकाच दांड्यावरचे ड्रिल आणि टॅप तेच. ते आम्हांला म्हणाले की मास्तर, टॅपला चरबी लावायला तेवढी विसरू नका, नाहीतर आटे खरबरीत येतात. आजींनी तोवर त्यांच्यासाठी चहा आणला होता, आणि कपडे पुन्हा दोरीवर वाळत घातले होते.